आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवायचा असेल तर: आय-९४ची तारीख उलटण्याआधी काय काय करायचं

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, म्हणजे बी-१/बी-२, भारतीयांना बहुतेक वेळा दहा वर्षांचा मिळतो. पासपोर्टमध्ये ती तारीख ठळक दिसते आणि तीच बघून घरातले सगळे निर्धास्त होतात. "अजून सात वर्षं आहेत की, घाई कशाला?" असं म्हणणारे आई-बाबा मी दर उन्हाळ्यात भेटतो. ही समजूत चुकीची आहे आणि फार महागात पडते. व्हिसावरची तारीख फक्त एवढंच सांगते की कधीपर्यंत अमेरिकेच्या दारात उभं राहून आत यायची परवानगी मागता येईल. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे दुसऱ्याच कागदावर ठरतं. त्या कागदाचं नाव आय-९४.

मुलाकडे-मुलीकडे राहायला आलेल्या, आणि काही कारणाने ठरल्यापेक्षा जास्त थांबावं लागणाऱ्या आई-वडिलांसाठी हा लेख आहे. खरं तर तो त्यांच्या मुलांसाठी जास्त आहे, कारण अर्ज शेवटी तेच भरायला बसतात.

आधी खरी तारीख शोधा

विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी दोन-चार प्रश्न विचारतो, बोटांचे ठसे घेतो आणि राहायची मुदत ठरवतो. पर्यटकाला साधारण सहा महिने मिळतात, पण ते मिळतीलच असं धरून चालू नका. पूर्वी पासपोर्टवर शिक्का मारून त्यावर हाताने तारीख लिहायचे. आता पुष्कळ विमानतळांवर शिक्का मारत नाहीत. म्हणून आई-बाबा घरी पोहोचले की त्याच आठवड्यात अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या आय-९४च्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन त्यांची नोंद काढा आणि छापून ठेवा. ती फुकट मिळते. हुबेहूब सरकारी दिसणारी, पैसे मागणारी खासगी संकेतस्थळंही आहेत. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही' नसेल तर तिथे पासपोर्ट क्रमांक टाकू नका.

नोंद सापडत नाही अशी तक्रार मराठी घरांत हमखास येते. आपल्या पासपोर्टमध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. शोधताना पहिल्या नावाच्या रकान्यात नुसतं 'सुनंदा' टाकलं तर यंत्राला काही सापडत नाही. व्हिसावर जसं आहे तसं दोन्ही नावं मिळून टाकायची, आडनाव वेगळ्या रकान्यात. तरीही मिळालं नाही तर दोन्ही नावं न जागा सोडता जोडून बघा. दोघांची नोंद वेगळी काढा. एकाच विमानाने, एकाच खिडकीवर उभं राहून आलेल्या नवरा-बायकोच्या तारखाही एकच आहेत का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानू नका. तारीख उघडच चुकीची पडली असेल तर जवळच्या मोठ्या विमानतळावरच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते. हे काम लगेच करायचं, पाच महिन्यांनी नाही.

तारीख वाचताना अमेरिकी पद्धत लक्षात ठेवा. इथे महिना आधी, दिवस नंतर लिहितात. ११/०९ म्हणजे नऊ नोव्हेंबर, अकरा सप्टेंबर नव्हे. शिवाय मुदत त्या दिवसाच्या मध्यरात्री संपते. आय-९४वर ९ नोव्हेंबर असेल आणि विमान रात्री साडेबाराचं असेल, तर ते ९ तारखेच्या संध्याकाळी घरून निघालेलं चालत नाही. कॅलेंडरवर ते १० तारखेचं विमान आहे.

एक दिवस जास्त राहिलं तर काय होतं?

मुदत एका दिवसानेही ओलांडली की तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्यानेच रद्द ठरतो. पुन्हा यायचं तर भारतात नव्याने अर्ज, नवी फी, नवी मुलाखत. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या पुढे गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं अमेरिकेत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. हे नियम १९९६च्या कायद्यातून आले आणि तेव्हापासून पक्के आहेत. पंचाहत्तरीच्या आजी-आजोबांसाठी दहा वर्षांच्या बंदीचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

खरंच थांबायला हवं का?

अर्जाकडे वळण्याआधी हा प्रश्न घरात बसून नीट बोला. दिवाळी इथे करून जाऊ, थंडीत बर्फ बघू, तिकीट महाग आहे, नातवाचा वाढदिवस महिन्यावर आलाय, ही सगळी कारणं प्रेमाची आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यासाठी मुदतवाढ मागू नये. वाढ देणं न देणं पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं आणि अर्ज केला की त्याची नोंद कायमची राहते. पुढच्या खेपेला विमानतळावर "मागच्या वेळी एवढे महिने काय करत होता?" हा प्रश्न येतो. पर्यटक म्हणून आलेला माणूस वर्षातला बराचसा काळ अमेरिकेतच काढतो असं दिसलं की अधिकाऱ्याला शंका येणारच. सहा महिने राहून वेळेत परत गेलेल्या माणसाला पुढच्या वेळी सहसा त्रास होत नाही. माझ्या मते तीच सगळ्यात चांगली मुदतवाढ आहे.

अचानक आलेलं आजारपण, शस्त्रक्रिया, सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणात उद्भवलेली गुंतागुंत, घरातला मृत्यू, प्रवासच करता येऊ नये अशी परिस्थिती. अशा वेळी मात्र कचरू नका. मुदतवाढीची सोय त्यासाठीच आहे.

शेजारच्या कॅनडात चार दिवस जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. तीस दिवसांच्या आतल्या अशा फेरीनंतर बहुतेक वेळा जुन्याच आय-९४वर आत घेतात आणि तारीख जिथल्या तिथे राहते.

गोव्याकडच्या वाचकांसाठी इथेच एक सूचना. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली बरीच गोंयकार मंडळी व्हिसा न काढता 'एस्टा'वर, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या प्रवास-परवानगीवर, अमेरिकेत येतात. त्यांना ९० दिवस मिळतात आणि त्यांना ही मुदतवाढ मागताच येत नाही. पुढे दिलेली पद्धत त्यांच्यासाठी नाही. इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर इमिग्रेशन खात्याकडे आणीबाणीची थोड्या दिवसांची सवलत मागता येते, एवढंच.

अर्ज कधी करायचा

अर्जाचं नाव आय-५३९ आणि तो यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवा खात्याकडे जातो. आय-९४ची मुदत संपण्यापूर्वी निदान ४५ दिवस आधी करा, असं खातं स्वतःच सुचवतं. कायद्याने मात्र तो मुदत संपायच्या आत खात्याला मिळालेला असला की पुरतो. 'मिळालेला' हा शब्द नीट वाचा. टपालात टाकलेली तारीख धरत नाहीत. कागदी अर्जात फी चुकली, सही राहिली, तर पाकीट जसंच्या तसं परत येतं आणि तो अर्ज आलाच नव्हता असं मानतात. तोवर तारीख उलटून गेलेली असते. म्हणून ऑनलाइन अर्ज बरा. तो भरल्याची पोच तत्काळ मिळते.

पुढचं सगळं एका उदाहरणावरून बघू. समजा, नाशिकचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी १० मे २०२५ला डॅलसजवळ राहणाऱ्या मुलीकडे आले. आय-९४ दोघांचंही ९ नोव्हेंबर २०२५पर्यंतचं. परतीचं तिकीट २ नोव्हेंबरचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, पुढचे काही महिने नियमित तपासणी हवी, इतक्या लांबचा विमानप्रवास आत्ता नको. ९ नोव्हेंबरच्या ४५ दिवस आधी म्हणजे २५ सप्टेंबर. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे आहेत. तेवढे पुरतात, पण वाट बघत बसलं तर नाही पुरत.

कागद जमवणं

अर्ज भरायला तासभर लागतो, कागद जमवायला आठवडा. अधिकाऱ्याला चार गोष्टी बघायच्या असतात: माणूस कायदेशीर आलाय, थांबण्याचं कारण खरं आणि तात्पुरतं आहे, खर्च कोण करतंय ते स्पष्ट आहे, आणि तो परत जाणार आहे.

पहिल्यासाठी पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचं पान, आय-९४ची छापील प्रत. पासपोर्टची मुदत मागितलेल्या तारखेच्या पुढे असायला हवी. ती मधेच संपत असेल तर भारतीय दूतावासाकडून नवा पासपोर्ट काढायचं काम आधी सुरू करा. त्याला वेळ लागतो.

कारणासाठी डॉक्टरांचं पत्र. नुसतं "रुग्णावर उपचार चालू आहेत" एवढं पुरत नाही. निदान काय, उपचार काय, पुढची तपासणी कधी, प्रवास केव्हापासून करता येईल, हे सगळं दवाखान्याच्या छापील कागदावर सहीनिशी हवं. इथले डॉक्टर असं पत्र देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. त्यात काय काय हवंय ते एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या कार्यालयात द्या.

खर्चासाठी मुलीचं नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं विवरण. आई-बाबा मुलांकडेच राहत असतील तर मुलीने आय-१३४ हा आर्थिक आधाराचा फॉर्म भरून जोडला तर चांगलं. उपचाराचा खर्च विमा देतोय की घरचे, तेही दाखवा, कारण "हा खर्च सरकारवर तर पडणार नाही ना?" हे अधिकारी बघतोच.

परत जाण्याच्या पुराव्यात मराठी घरं कमी पडतात, तेही कागद घरात असून. पेन्शनचं पासबुक, स्वतःच्या नावावरच्या घराची मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं भागपत्र, शेती असेल तर ७/१२ उतारा, भारतात राहणारी दुसरी मुलं, अवलंबून असलेली म्हातारी आई, आणि पुढे ढकललेल्या तारखेचं परतीचं तिकीट. यातलं मराठीत असेल ते सगळं इंग्रजीत करून द्यावं लागतं. भाषांतर संपूर्ण हवं आणि खाली भाषांतरकाराने लिहून द्यायला हवं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे. नोटरी लागत नाही. दोन्ही भाषा नीट येणारा ओळखीतला कुणीही ते करू शकतो, पण घरातल्या माणसाऐवजी बाहेरच्याने केलेलं बरं दिसतं. ७/१२ उताऱ्यातली हेक्टर-आर, खाते क्रमांक, इतर हक्क हे सगळे रकाने इंग्रजीत नेमके आणणं वेळखाऊ आहे. घराच्या कराची पावती पुरत असेल तर उताऱ्याच्या मागे लागू नका.

पत्र

अर्जासोबत एक पत्र जोडायचं असतं आणि अर्जाचा जीव त्यात असतो. एक पान पुरे. त्यात तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: का थांबायचंय, ते सहा महिन्यांत का झालं नाही, आणि नक्की कधी जाणार. आपल्या उदाहरणातल्या शिक्षकांचं पत्र मराठीत लिहिलं तर साधारण असं होईल, ते इंग्रजीत करून द्यायचं:

"मी १० मे २०२५ रोजी माझ्या पत्नीसह मुलीला भेटायला आलो. आमचं परतीचं तिकीट २ नोव्हेंबरचं होतं, त्याची प्रत जोडली आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला हृदयविकाराचा त्रास झाला आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. माझ्या डॉक्टरांनी डिसेंबरअखेरपर्यंत तपासणी आणि तोवर लांबचा विमानप्रवास न करण्याचा सल्ला दिला आहे, त्यांचं पत्र जोडलं आहे. या काळात माझी पत्नी माझ्यासोबत राहणं आवश्यक आहे. आम्ही १५ जानेवारी २०२६पर्यंत मुदत वाढवून मागत आहोत. नवं तिकीट १२ जानेवारीचं आहे. नाशिकला आमचं स्वतःचं घर आहे, मला पेन्शन मिळते आणि धाकटा मुलगा तिथेच राहतो. इथल्या काळातला आमचा खर्च मोठी मुलगी करते."

बघा, यात आर्जव नाही, पाल्हाळ नाही. तारखा आहेत आणि प्रत्येक विधानामागे एक जोडलेला कागद आहे. मागितलेली तारीखही कारणाला धरून आहे. एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ मिळू शकते म्हणून सरसकट सहा महिने मागायची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. डॉक्टर डिसेंबर म्हणतायत आणि तुम्ही मे मागताय, हे वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

बाळंतपणासाठी आलेल्या आजींचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. मुलीजवळ असावं, बाळाला तेल-पाणी करावं, डिंकाचे लाडू करून घालावेत, यात गैर काही नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही. पण "मुलगी कामावर जाते, बाळाला सांभाळायला कुणी नाही, पाळणाघर परवडत नाही म्हणून आईला ठेवायचंय" असं कारण दिलं की अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती भेट राहत नाही, सांभाळणाऱ्या बाईची सोय होते. खोटं कारण मात्र अजिबात लिहू नका. तसं सापडलं तर खोट्या माहितीचा ठपका जन्मभर पुसता येत नाही. बाळंतीण किंवा बाळ आजारी असेल, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर तेच कारण पुराव्यासह द्या. तसं काही नसेल आणि गरज फक्त सांभाळायचीच असेल, तर एक आजी-आजोबा परत जावेत आणि दुसऱ्या बाजूचे यावेत. कितीतरी घरं असंच करतात.

फॉर्म भरताना

नवरा-बायको एकाच अर्जात येतात. मुख्य अर्जदाराचा आय-५३९ आणि सोबतच्या व्यक्तीसाठी आय-५३९ए ही पुरवणी. फी अर्जाला एकदाच, दोघांची मिळून. एप्रिल २०२४पासून ती ऑनलाइन ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. बोटांच्या ठशांची वेगळी फी आता घेत नाहीत. भरायच्या दिवशी खात्याच्या फीच्या पानावर रक्कम पुन्हा बघून घ्या. जादा पैसे भरून लवकर निकाल मिळवायची सोय विद्यार्थ्यांच्या काही अर्जांना आहे, पर्यटकांना नाही. तशी हमी देऊन कुणी पैसे मागत असेल तर दूर राहा.

ऑनलाइन खातं आई किंवा बाबांच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलने उघडा. मुलीच्या खात्यात घुसडू नका. फॉर्म मुलीने भरला असेल तर तो तयार करणारी म्हणून तिचं नाव द्यायचं असतं. इंग्रजी प्रश्न मराठीत समजावून सांगितले असतील तर दुभाषी म्हणूनही. सही आई-बाबांचीच. आणि त्यांना प्रत्येक प्रश्न खरोखर वाचून दाखवा. "तू भर, मी सही करते" यावर थांबू नका, कारण उत्तरांची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

एक प्रश्न असा आहे की अमेरिकेत आल्यापासून काही काम केलं का, आणि केलं नसेल तर खर्च कसा भागतो, पैसा कुठून येतो, किती. तिथे नुसतं 'मुलगी' असं लिहू नका. मुलीचं नाव, नातं, ती काय करते, राहणं-जेवण-औषधं तिच्याकडून, इतर खर्च पेन्शनमधून, असं लिहा. आणि काम म्हणजे पगाराचीच नोकरी असं नाही. हातच्या पुरणपोळ्या, चकल्या, फराळाचे डबे ओळखीच्या कुटुंबांना पैसे घेऊन देणं हेही काम आहे आणि पर्यटक व्हिसावर त्याला परवानगी नाही. मराठी मंडळांच्या गटांत "आई आल्या आहेत, ऑर्डर घेतल्या जातील" असे निरोप फिरतात. असा एक निरोप आईचा अर्ज बुडवू शकतो.

अर्ज गेल्यावर

ऑनलाइन भरला की पावती क्रमांक लगेच मिळतो. तीन अक्षरं आणि दहा आकडे. पोचपावतीचं पत्र, आय-७९७सी, त्यानंतर येतं. ही पावती पुढे अनेक वर्षं लागते. छापून, स्कॅन करून, भारतातल्या मुलालाही पाठवून ठेवा. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं तर दिलेल्या तारखेला पत्र आणि पासपोर्ट घेऊन जायचं. न सांगता चुकवलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

इथे पत्त्याचा घोळ फार होतो. अर्ज डॅलसच्या पत्त्यावर केला आणि आई-बाबा दरम्यान न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेले, तर ठशांचं पत्र डॅलसला येऊन पडतं. सरकारी पत्रं टपालखातं पुढे पाठवत नाही. पत्ता बदलला तर दहा दिवसांत खात्याला कळवायचा, तो ऑनलाइन कळवता येतो. आणि जुन्या घरची पत्रपेटी रोज कुणीतरी बघायला हवी.

आता सगळ्यात नाजूक भाग. निकालाला महिनोन्महिने लागतात. आय-९४ची तारीख उलटून जाते आणि अर्ज अजून तसाच पडून. अशा वेळी आई-बाबा बेकायदा राहतायत का? अर्ज वेळेत केला असेल, कारण खरं असेल आणि मधल्या काळात त्यांनी काही काम केलं नसेल, तर निकाल येईपर्यंत त्यांचा बेकायदा मुक्काम मोजत नाहीत. पण याचा अर्थ मुदत वाढली असा नाही. मुदत फक्त मंजुरीनेच वाढते. ही मधली अवस्था आहे. नकार आला तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, आणि जुनी तारीख आधीच उलटलेली असेल तर व्हिसाही रद्द ठरू शकतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट बजावून सांगतो. अर्जात जी तारीख मागितली आहे त्याच्या आत निघायचंच, मंजुरी आलेली असो वा नसो. आपल्या शिक्षकांनी १५ जानेवारी मागितली आहे. निकाल नसला तरी त्यांनी १२च्या विमानात बसायचं. "अजून निकाल आला नाही म्हणजे राहू शकतो" असं समजून मार्चपर्यंत राहिलेल्यांचा पुढे फार मनस्ताप होतो. १५ तारखेच्या पुढचे दिवस त्यांनी मागितलेलेच नाहीत, मग त्यांना संरक्षण कशाचं? खरोखरच पुढे थांबावं लागलं तर त्या तारखेआधी दुसरा अर्ज करावा लागतो, आणि तो वकिलाच्या सल्ल्यानेच करा.

मंजुरी आली तर त्या पत्राच्या तळाशी नवं आय-९४ छापलेलं असतं. तेच आता खरं. सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर जुनीच तारीख दिसत राहिली तर घाबरू नका, नवी मुदत दुसऱ्या खात्याने दिलेली असते. आणखी कागद मागणारं पत्र आलं तर दिलेल्या मुदतीत, एकाच वेळी, सगळं पाठवा. नकार आला तर त्यावर अपील नसतं. जुनी तारीख संपलेली असेल तर मिळेल त्या पहिल्या विमानाने निघायचं. तिकीट असं घ्या की तारीख बदलता येईल. चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

भारतातल्या बाजूचं

मुदतवाढीच्या गडबडीत हे विसरतं. २ नोव्हेंबरला परतणारे शिक्षक आता जानेवारीत परतणार, म्हणजे नोव्हेंबर अमेरिकेत. आणि पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरातच हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो गेला नाही तर पेन्शन थांबते. जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर आधारला जोडून चेहरा दाखवून तो देता येतो. ते जमलं नाही तर जवळच्या भारतीय कॉन्सुलेटमधून, टेक्सासवाल्यांना ह्यूस्टनहून, दाखला घेऊन बँकेत किंवा कोषागारात पाठवायचा. ऑक्टोबरमध्येच बँकेला विचारून ठेवा.

प्रवासी विमा संपायच्या आत वाढवा. एकदा संपला की नवी पॉलिसी घ्यावी लागते, आणि मधे उद्भवलेला आजार नव्या पॉलिसीत 'आधीपासूनचा' धरून वगळला जातो. हृदयविकार झालेल्या माणसाला हे परवडणारं नाही. औषधं सहा महिन्यांची आणलेली असतात, तीही संपत येतात. भारतातून मागवण्यात वेळ आणि अडचणी दोन्ही आहेत. इथल्या डॉक्टरकडून इथल्या औषधांची चिठ्ठी घेणं जास्त खात्रीचं.

वकील कधी

साधं वैद्यकीय कारण, वेळेत अर्ज, कागद व्यवस्थित, असं असेल तर वकिलाशिवाय भागतं. तारीख आधीच उलटून गेली असेल, पूर्वी कधी जास्त राहणं झालं असेल, नकार आला असेल, किंवा मुलगा अमेरिकी नागरिक आहे आणि आई-बाबांच्या ग्रीन कार्डचा विचार डोक्यात आला असेल, तर मात्र इमिग्रेशनच्या वकिलाकडेच जा. ग्रीन कार्डचा रस्ता अगदी वेगळा आहे. तो मुदतवाढीच्या अर्जात मिसळू नका. तारीख उलटल्यावरही अगदी असामान्य परिस्थितीत, उदाहरणार्थ रुग्ण अतिदक्षता विभागात असताना, उशिराचा अर्ज खातं विचारात घेऊ शकतं. पण ते वकिलाने मांडायचं काम आहे.

परतल्यावर

विमानाने गेलेल्याची नोंद विमान कंपनीकडून आपोआप होते. तरी महिनाभराने त्याच आय-९४च्या संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास काढून परतीची तारीख पडली आहे का बघा. बोर्डिंग पास, भारतातल्या प्रवेशाचा शिक्का, पावती क्रमांकाचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, मंजुरी आली असेल तर ती, हे सगळं एका पिशवीत पासपोर्टसोबत ठेवा. निकाल यायच्या आत परतला असाल तर अर्ज मागे घेत असल्याचं खात्याला कळवता येतं. पुढच्या खेपेला विमानतळावर मागच्या मुक्कामाबद्दल विचारलं तर लांबण लावू नका. "मला हृदयविकार झाला होता, वेळेत अर्ज केला होता, ही पावती, आणि या तारखेला परत गेलो." पिशवी हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.